लग्नापुरती आई

तरुणपणी मी फार हुशार होते. हे माझं मीच सांगतेय, कारण तेव्हाही ते काम मीच करत असे; दुसऱ्या कुणी म्हटल्याचं आठवत नाही. खेड्यातल्या बायकांना मी त्यांच्यातलीच वाटावी म्हणून मातकट रंगाच्या सुती साड्या नेसायचे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायचे, खांद्याला शबनम अडकवायचे. आणि वेल्ह्याकडच्या ज्या बायकांतली मी वाटणार होते, त्या फुलाफुलांच्या झुळझुळीत नायलॉनमध्ये बसून माझ्याकडे बघायच्या. एकीने शेवटी विचारलंच, “बाई, पुण्यात लुगडी मिळंनाशी झाली का? गोणपाट का गुंडाळलंय?”

ज्या घरात मंदबुद्धीचं मूल आहे त्या घराचं काय होतं, हे प्रबंधासाठी शोधायला मी निघाले होते. मुलाचं काय होतं ते डॉक्टरांनी बघावं, मी आईबाप बघणार, भावंडं बघणार. पुढे हाच विषय मी आयुष्यभर केला, त्याचा पगार घेतला, आता पेन्शन घेते आणि त्यातून नातवंडांना आइस्क्रीम चारते, तेव्हा विषयाला नावं ठेवणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत या मुलांना म्हणायचे शब्द बदलत गेले. मतिमंदचं गतिमंद झालं, मग विशेष, मग दिव्यांग. वेल्हे तालुक्याचंसुद्धा राजगड झालं. लोक तेव्हा ‘येडी’ म्हणत, आणि आजही माझी पाठ वळली की येडीच म्हणतात.

माझ्याकडे एक प्रश्नावली होती. इंग्रजीतून मीच मराठीत आणलेली, म्हणजे मध्येच कुठेतरी सोडून दिलेली. ‘अपत्याच्या स्थितीमुळे आपणांस सामाजिक प्रसंगी संकोच जाणवतो काय? अजिबात नाही, किंचित, बऱ्यापैकी, अत्यंत.’ हे मी सारवलेल्या ओसरीवर मांडी घालून वाचायचे. समोरची बाई खाचरातून आत्ताच वर आलेली, पोटऱ्यांवर चिखल वाळतोय.

“म्हंजी लाज वाटती का, आसंच ना?”

“हो. पण किती वाटते?”

“लाज काय पायलीनं मोजायची आसती व्हय?”

मी मान डोलवायचे आणि ‘अत्यंत’वर खूण करायचे. शिवाय माझ्या गुरूंनी एक मंत्र दिला होता: घरात शिरायचं, पण घडतंय त्यात हात घालायचा नाही. भिंतीवरच्या पालीसारखं राहायचं. ही पाल पाच फूट सहा इंच उंच होती आणि चष्मा लावत होती, एवढीच अडचण.

भोरला मी खोली घेतली होती. तिथे अपंगांच्या दाखल्याचं शिबिर झालं, त्यात मला ‘ती’ बाई सापडली. सापडली हाच शब्द तेव्हा मी वापरायचे, फुलपाखरं जमवणारे लोक वापरतात तसा. मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत मोजक्या घरांची वस्ती होती, तिथली. चांगली भातशेती, गोठ्यात म्हशी, शेळ्या. घरात नवरा, म्हातारी सासू आणि दोन मुली. थोरली लग्नाला आलेली, दिसायला नीटस, हाताला चपळ. धाकटी आठेक वर्षांची, डोळे बारीक, जीभ जराशी बाहेर, चालताना बदकासारखी डुलणारी. तिला बोलणं म्हणून ‘आय’, ‘दे’ आणि हसणं एवढंच येत होतं, आणि एवढ्यावर तिचं उत्तम चाललं होतं.

थोरलीचं मात्र अडलं होतं. आलेली स्थळं अंगणात धाकटीला बघून पाणीसुद्धा न पिता परत जात. एका पोटची एक अशी, तर दुसरीच्या पोटी काय निपजेल, हा हिशेब तिकडे सगळ्यांना तोंडपाठ. आईला दुसरं काही सुचत नव्हतं. मी प्रश्नावली काढली की ती म्हणायची, “थोरलीचं तेवढं जमू द्या बाई. मग बसा काय इचारायचं ते इचारत. पार माझ्या तेराव्यापातूर इचारा.”

आणि एक दिवस स्थळ आलं. शिवऱ्याचं. मुलाचं हायवेला टायरचं दुकान, रस्त्याला लागून जमीन. ते लोक बेस्तरवारी मुलगी बघायला येणार होते. आईने मला आदल्या खेपेलाच बजावलं, “बेस्तरवारी येऊ नका. धाकटीला घिऊन म्हातारी वरल्या गोठ्यात जाऊन बसनार हाये. शिवऱ्याच्या लोकांनी हितं तिची सावली बी बघाया नगं.”

आता कुठल्याही शहाण्या बाईला येऊ नका म्हटल्यावर कळलं असतं. मी बेस्तरवारी सकाळी पहिली एसटी पकडली. ‘सामाजिक प्रसंगी कुटुंबाचे वर्तन’ असं काहीतरी माझ्या डोक्यात मोठ्या अक्षरांत झळकत होतं.

मला दारात बघून आईच्या हातातला झारा तसाच राहिला. “ह्या कशाला कडमडल्या?” ती मला नाही, नवऱ्याला म्हणाली. नवरा उत्तर देण्याऐवजी अंगण झाडायला गेला.

“मी काही बोलणार नाही,” मी म्हटलं. “कोपऱ्यात बसेन.”

“कोपऱ्यात बसलेली बाई लई दिसती. बसा आता. कुनी इचारलं तर सांगा, बचतगटाची हाये. आन् त्वांड उघडू नका.”

पाहुणे जीपने आले. मुलाचा मामा, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. मुलाची आत्या, अंगाने दणकट, बोलायला त्याहून. खुद्द मुलगा बूट काढून सतरंजीवर बसला तो शेवटपर्यंत स्वतःच्या पायमोज्यांकडे बघत होता. थोरली डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसली. नाव काय, शिक्षण काय, भाकरी थापटतीस का काटवटीत दाबतीस, म्हस काढता येती का. मग चालून दाखव. मग आत्याने तिचा हात हातात घेऊन मनगट दाबून पाहिलं.

“चालती बरी,” आत्या म्हणाली, नुकताच बैल बघितल्यासारखी. “पाय बी सरळ हायेत.”

आईच्या चेहऱ्यावर मी प्रथमच उजेड पाहिला. मामाने पोह्यांची बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि तो म्हणाला, “मग आता उगा येळ कशाला? सुपारी—”

तेवढ्यात मागच्या दाराने धाकटी आली. गोठ्यात म्हातारीचा डोळा लागला होता आणि धाकटीला जीपचा आवाज आला होता. तिची एक सवय होती. दारात कुणाच्याही वहाणा दिसल्या की त्या उचलून ज्याच्या त्याच्या पायाशी नेऊन ठेवायच्या. तिने मामाचे करकरीत जोडे उचलले, डुलत डुलत आत आली आणि पोह्यांच्या बशीला लागून नीट मांडले. मग टाळ्या वाजवल्या.

“आमाला उठा म्हनती का काय?” मामा हसला. हसता हसता त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू मिशीतच राहिलं.

आत्याने बशी बाजूला सारली. “ही कुनाची?”

चुलीवरचा चहा उतू गेला. थोरलीने डोळे मिटून घेतले. बापाने कपात बघितलं. आणि आई माझ्याकडे वळली, जशी काही मी तिथे त्याचसाठी बसवलेली होते, आणि गोड आवाजात म्हणाली, “ह्यांची. ह्या बाईंची. पुन्याच्या हायेत. बचतगटाच्या.”

धाकटीच्या अंगात थोरलीच्या जुन्या परकराचा झगा होता आणि नाक तर बापाच्या तोंडावरून उचलून चिकटवल्यासारखं. पण अमक्याचं मूल म्हणून एकदा सांगितलं की लोकांना नाक दिसत नाही. आत्याने माझी गोणपाटाची साडी बघितली, माझा चष्मा बघितला, आणि तिला पटलं. अशा बाईला असंच व्हायचं.

इथे मी तोंड उघडलं. आणि मिटलं. या विदुषीच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं, तर थोरलीची दया वगैरे काही नाही. मला वाटलं, वा! पाल भिंतीवरून थेट घरात आली. इतकी सामग्री आजवर कुणाला मिळाली नसेल! माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, मूल नव्हतं, आणि मी बाळंतपणाशिवाय आई होऊन तिथे मान खाली घालून बसले, मनातल्या मनात प्रबंधाचं प्रकरण सजवत.

“पोटाशी आसताना गिरान पाळलं नसंल,” आत्याने सुरुवात केली.

“न्हाईच पाळलं!” आई म्हणाली. माझ्या वतीने.

“शिकल्याल्या बाया. चिरत्यात, कापत्यात, गाड्या उडवत्यात. मग देव दावतो.” आत्या पुढे सरकली. “नवरा?”

“बँकेत आहे,” मी म्हटलं.

“नांदवतो आजून?”

“हो.”

“देवमानूस म्हनायचा. दुसरं हाये का काई?”

“नाही.”

“मग करू बी नका. एक झालं एवढं बास हाये.”

मामा म्हणाला, “हिला आशी गावोगाव कशाला फिरवता, बाई? लोकांच्या शुभकार्यात?”

“त्येच आमी बी सांगतो!” आई म्हणाली. ती आता चुलीपासून उठून मध्ये येऊन बसली होती, पदर खोचून. तिच्या डोळ्यांत एक चमक आली होती, ती मला तेव्हा कळली नाही. “मी तर ह्यांना कायम इचारती. सांगा की बाई, पाव्हन्यांना सांगा. चारचौघांत जायाची लाज वाटती का तुमाला?”

तो माझाच प्रश्न होता.

“सांगा की. किंचित वाटती का अत्यंत?”

“वाटते,” मी म्हटलं.

“रातीला झोप लागती का? का ही जलमलीच नसती तर बरं झालं आसतं, आसं मनात येतं?”

“येतं कधी कधी.”

“कधी कधी म्हंजी बऱ्यापैकी, का लई?”

आत्या जिभेने च्-च् करत होती. मुलगासुद्धा पायमोजे सोडून माझ्याकडे बघायला लागला. आईने मला एकेक प्रश्न अगदी क्रमाने विचारला, जसा मी तिला महिनोन् महिने विचारला होता, आणि प्रत्येक उत्तरानंतर पाहुण्यांकडे बघून मान हलवली: बघा, ह्यांचं कसं, आमचं तसलं काई न्हाई. विद्यापीठातली माझी तोंडी परीक्षा पुढे झाली, ती याच्यापुढे काहीच नव्हती.

धाकटीला या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. तिला पोहे हवे होते आणि आईची मांडी. ती आईपाशी जाऊन रेलली. “आय,” ती म्हणाली. “दे.”

आईने तिचे खांदे धरून तिला वळवलं. “मला काय मागती? तुज्या आयकडं जा.”

धाकटीला तो खेळ वाटला. ती खदखदून हसली आणि परत वळली. आईने पुन्हा वळवलं. तिसऱ्यांदा तिने पदराखालून तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पोरीचा श्वासच अडकला. ती रडली नाही. ज्या माणसाने कधी चिमटा काढलेला नाही त्याने काढला तर आधी नवल वाटतं. ती दंड धरून उभी राहिली, मग माझ्याकडे आली आणि माझ्या मांडीत बसली. तिच्या केसांना शेळ्यांचा वास येत होता.

“आयला बिलगली बघा,” आत्या म्हणाली, जरा निवळून. “कसलं बी आसलं तरी रक्त वळखतं.”

सुपारी फुटली. जाताना आत्याने कुंकवाची वाटी घेतली, थोरलीला लावलं, आईला लावलं, मदतीला आलेल्या शेजारणीला लावलं. माझ्यापाशी येऊन तिचा हात थांबला. “तुमाला ऱ्हाऊ द्या. नव्या सोयरिकीचा हात हाये.”

जीप वळणावरून दिसेनाशी झाली तशी आई अंगणातच बसली आणि पोट धरून हसायला लागली. “आगं बया! काय त्वांड केलं व्हतं बाईंनी! मी बी घटकाभर खरं मानलं!” वरून सासू काठी टेकत, शिव्या देत उतरली, तिला सगळं सांगताना पुन्हा हसली. शेजारणी हसल्या. त्यांनी कुणी शिवऱ्याला जाऊन सांगितलं असतं तर? मी तशी शंका काढली, तर म्हातारीने मला वेड्यात काढलं. वस्तीवर सगळी भावकी. प्रत्येकीला आपापल्या लेकी उजवायच्या होत्या. एका घराची खोट फुटली तर सगळ्यांच्याच दारातले मांडव मोडणार, मग कोण तोंड उघडेल?

मी मात्र आता आवाज चढवला. तमाशा संपल्यावर चढवायचा असतो तसा. “हे चूक आहे. आपण त्या लोकांना खरं सांगायला हवं. तुमच्या मुलीलाच तुम्ही—”

आईचं हसणं बंद झालं. “सांगा की. शिवऱ्याला जावा, टायरच्या दुकानात हुबं ऱ्हावा आन् सांगा. मग थोरलीला तुमच्याच घरी न्या नांदायला. तुमचा नवरा देवमानूस हाये म्हनं.”

मी गेले नाही. भोरला खोलीवर आले आणि प्रकरण लिहायला बसले.

पुढचं संकट थोरलीने आणलं. लग्नाची तारीख निघाली, शिवऱ्याजवळचं हायवेचं कार्यालय ठरलं, आणि थोरली अडून बसली. धाकटीला न्हाऊ घालणारी, तिचं नाक पुसणारी, तिला शेजेला घेऊन झोपणारी तीच. “ती अक्षता टाकाया नसंल तर म्या बोहल्यावर चढत न्हाई,” तिने सांगून टाकलं. आई तिला समजावून दमली, मारून दमली, शेवटी एसटीने भोरला माझ्या खोलीवर आली. डब्यात घरचं तूप.

“बाई, लग्नाला यायचं. लेकीला घिऊन.”

“कुठल्या लेकीला?”

“तुमच्या.”

मी हो म्हटलं. कारण विचाराल तर पालीला एवढं मोठं लग्न कुठे बघायला मिळणार होतं!

याच्या कितीतरी आधी त्या घराला मी एक विद्या शिकवून ठेवली होती. मुलाने एखादी गोष्ट बरोबर केली की तिथल्या तिथे आवडीचं काहीतरी हातावर ठेवायचं, चुकली की काही द्यायचं नाही. चिडायचं नाही, समजावत बसायचं नाही. या रीतीने धाकटी गुळाच्या खड्यांवर झग्याची बटणं लावायला शिकली होती आणि त्याबद्दल मी पुण्यात दोन-चार ठिकाणी भाषणंही ठोकली होती. आता मी वस्तीवर गेले की आई धाकटीला मध्ये उभी करायची.

“आय कुठाय?”

धाकटी आईकडे बोट दाखवायची. आई तोंड फिरवायची. हातावर काही नाही.

“आय कुठाय?”

पुन्हा तिच्याकडेच. पुन्हा काही नाही. धाकटी रिकाम्या तळव्याकडे बघायची, मग आईच्या तोंडाकडे, की ही विसरली तर नाही? कधीतरी चुकून तिचं बोट माझ्याकडे वळलं आणि गुळाचा मोठा खडा मिळाला. बटणांना तिला महिने लागले होते. हे ती फार लवकर शिकली. थोरली त्या वेळी मागे विहिरीवर जाऊन बसायची. आणि मी? मी आईला शाबासकी दिली. खरंच दिली. “पद्धत अगदी अचूक वापरलीत,” असं म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. चष्मा पुसत म्हटलं होतं.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या फाटकापाशी टेम्पो थांबला. आईने धाकटीला खाली उतरवलं, नवा गुलाबी फ्रॉक, डोक्याला गजरा. तिचं तोंड पदराने पुसलं आणि तिचा हात माझ्या हातात दिला. “फाटकाच्या अलीकडं माझी, पलीकडं तुमची,” ती म्हणाली. “घट्ट धरा. आन् तिला दाबून खाऊ घाला, खाताना गप ऱ्हाती.”

आत्याने आम्हाला दारातच ओळखलं. “आनलंच व्हय हिला बी?” आणि जनरेटरच्या बाजूला, शेवटच्या खुर्च्यांवर बसवलं. शेजारच्या गरोदर बाईने आमच्याकडे एकदा बघून खुर्ची उचलली आणि दुसरीकडे नेली. तिच्या सासूने ती उचलायला मदत केली. धाकटीने तिला टाटा केला.

मंगलाष्टकं झाली. धाकटीने अक्षता टाकल्या, म्हणजे समोरच्या माणसाच्या मानेत घातल्या. फोटोसाठी घरची माणसं बोलावली तशी आई, बाप, म्हातारी, भावकीतली कधी न बोलणारीसुद्धा, सगळी बोहल्यावर गेली. धाकटी उठली. मी तिला खाली बसवलं. ती उठली. मी जिलबी दिली. बोहल्यावर फोटोवाला ओरडत होता, “आजून कोन ऱ्हायलंय का घरचं?” आणि आई म्हणाली, “न्हाई, काढा.” थोरली माझ्याकडे बघत नव्हती. तिची मान मुंडावळ्यांच्या आड खाली होती.

मग पाठवणी. फुलं लावलेली गाडी फाटकाशी आली, बायका रडायला लागल्या. थोरली आईच्या गळ्यात पडली, म्हातारीच्या पाया पडली. माझा हात घामाने ओला झाला होता की मी सैल सोडला, देव जाणे, धाकटी निसटली. माणसांच्या पायांतून वाट काढत गेली आणि थोरलीच्या शालूला दोन्ही हातांनी लटकली. तिला बोलता येत नव्हतं, पण थोरलीसाठी तिचा एक आवाज होता, घशातून येणारा, शेळीच्या पिलासारखा. तो आवाज ती काढायला लागली. एकदा काढला की ती थांबायची नाही.

रडणाऱ्या बायका थांबल्या. “लागीर झालंय का काय,” कुणीतरी म्हणालं. नवरदेवाच्या मामाने तिचा दंड धरून ओढलं, शालूची जर ताणली गेली, ती सुटेना. त्याने तिच्या हातांवर फटका मारला. एक, मग दुसरा, जोरात. आई तिथेच हातभर अंतरावर उभी होती. बाप उभा होता. आत्या थोरलीच्या तोंडाकडे बघत होती, बारीक डोळ्यांनी, आणि म्हणाली, “हिला तुजाच का एवढा लळा गं?”

थोरलीने खाली बघितलं. एकेक करून धाकटीची बोटं शालूवरून सोडवली. मग मान वर करून गर्दीतून मला शोधलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “आवो बाई, तुमची पोरगी संभाळा की! माजा शालू फाटंल.”

गाडीत बसली. दार लागलं. गाडी हायवेला लागली.

मी धाकटीला उचलून घेतलं. तिचे हात लाल झाले होते. मागे नवऱ्याकडची दुसरी जीप अजून भरायची होती, आत्या पायरीवर उभी राहून पेढ्यांच्या पाट्या मोजून चढवत होती, पण तिची नजर आमच्यावरून हलली नव्हती. तिला काहीतरी टोचत होतं. आणि नेमक्या त्याच वेळी आईचं भान सुटलं. एक लेक गेलेली, दुसरी मार खाऊन समोर. तिने रडत रडत दोन्ही हात पुढे केले, आत्याच्या देखत, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणाली, “ये गं माजे बाय. ये माज्याकडं.”

संपलं, मला वाटलं. सासरी पोचायच्या आधीच थोरली परत.

धाकटीने आईच्या पसरलेल्या हातांकडे बघितलं. तोंडाकडे बघितलं. मग माझ्या मानेला डाव्या हाताने घट्ट मिठी मारली आणि उजव्या हाताचं बोट माझ्या छातीवर टेकवलं.

“आय,” ती म्हणाली.

आत्याच्या कपाळावरची आठी गेली. “परक्याची लेकरं कुठं येत्यात आपल्याकडं!” ती आईला म्हणाली, चांगल्या मायेने. “लेक गेली की असंच होतं बया, कुनाला बी जवळ घ्यावंसं वाटतं. जावा आता, घोटभर पानी प्या.” ती जीपमध्ये चढली. जीप गेली.

आईचे हात अजून तसेच होते. मग तिने ते खाली घेतले आणि पदर सारखा केला. फाटकापाशी आता वाढप्यांशिवाय कुणी नव्हतं. मी धाकटीला खाली ठेवलं. ती आईपाशी गेली, समोर उभी राहिली आणि तळवा पुढे करून वाट बघायला लागली. आई त्या तळव्याकडे बघत राहिली. धाकटीने तो आणखी वर, तिच्या तोंडाजवळ नेला. “दे,” ती म्हणाली.

“द्या ना काहीतरी,” मी म्हणाले. “उत्तर बरोबर आहे. बक्षीस उशिरा दिलं तर त्याचा उपयोग होत नाही.”